वाट दिली, रान नाही

शिकागो किंवा क्लीव्हलंडहून नायगारा बघायला निघालेली मराठी कुटुंबं बफेलोच्या थोडं अलीकडे न्यूयॉर्क थ्रूवेच्या एका साध्याशा पट्ट्यावरून जातात. दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये गुळगुळीत रस्ता, तीन मैल, तीन मिनिटं. हे तीन मैल ज्या जमिनीवर आहेत ती सेनेका या अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्राच्या कॅटरॉगस रिझर्व्हेशनची, म्हणजे राखीव प्रदेशाची, आहे. १९५४ साली न्यूयॉर्क राज्याने तिथल्या सुमारे ३०० एकरांवर रस्त्यासाठी कायमचा हक्क घेतला आणि ७५,००० डॉलर दिले. म्हणजे एकरी २५० डॉलर, एकदाच, आणि मुदत कधीच न संपणारी. त्या रस्त्यावर आज प्रत्येक गाडीकडून टोल घेतला जातो. हा व्यवहार कायद्याने झालाच नाही, असं सांगत सेनेका राष्ट्र २०१८ साली न्यायालयात गेलं. २०२३मध्ये अपील न्यायालयाने दावा पुढे चालवायला परवानगी दिली.

अशी बातमी आली की इथल्या मराठी मित्रमंडळींत दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर असा की सत्तर वर्षांपूर्वी पैसे घेतले, आता रस्ता मोक्याचा झाल्यावर खंडणी मागतात. दुसरा सूर असा की सगळा देशच त्यांचा होता, त्यांनी मागावं तेवढं द्यावं. पहिला सूर मला चुकीचा वाटतो आणि दुसरा निरुपयोगी. दोघांचीही नजर रकमेवर आहे. एकाला ती फार वाटते, दुसऱ्याला कमी. पण प्रश्न रकमेपाशी सुरूच होत नाही.

ज्याच्या घरी शेती आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या बांधावरून गाडी न्यायची वहिवाट असते. तिच्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं, प्रकरण तहसीलदारापुढे जातं, १९०६ सालचा मामलेदार न्यायालय कायदा त्यासाठी आजही काढला जातो. पण वहिवाट सिद्ध झाली म्हणून वाटेवरून जाणारा त्या रानाचा मालक होत नाही. बांधावरच्या आंब्याला त्याने हात लावायचा नाही आणि मालकाने वाटेत काट्या टाकायच्या नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की राज्य आणि आदिवासी राष्ट्र यांच्यातला महामार्गाचा हक्क हा याच जातीचा आहे, फक्त दोन्ही बाजूंना शेतकरी नसून सरकारं आहेत. तो जमीनखरेदीचा व्यवहार नव्हे, दोन सरकारांमधला करार आहे. म्हणून त्याला खरी संमती लागते, ठरलेली मुदत लागते, आणि त्यात किमतीइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व या प्रश्नांना द्यावं लागतं: त्या डांबरावर कायदा कुणाचा चालणार, दुरुस्ती कुणी करायची, अपघात झाला तर दाद कुठे मागायची, करार संपला तर पुढे काय?

विरुद्ध बाजूचा सगळ्यांत जड मुद्दा आधी घेतो. १९५४च्या कागदावर सेनेकांच्याच प्रतिनिधींची सही आहे. कुणी त्यांच्या नकळत रस्ता केलेला नाही. उद्या प्रत्येक जुना करार आजच्या भावाने उकरून काढायचा म्हटलं तर व्यवहाराला काही स्थैर्यच उरणार नाही. हा मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही पटलेला आहे. २००५च्या शेरिल खटल्यात वनायडा राष्ट्राने आपली जुनी जमीन पुन्हा विकत घेऊन तिच्यावर सार्वभौम हक्क सांगितला, तेव्हा न्यायालयाने फार उशीर झाला म्हणून तो नाकारला. स्थैर्याची ही ओढ मी क्षुल्लक मानत नाही.

पण सही पुरेशी असते का? महाराष्ट्रातला वाचक तरी असं म्हणू शकणार नाही. आपल्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. परवानगी नसेल तर अंगठा आहे, साक्षीदार आहेत, पैसे पोचले आहेत, यातलं काहीही उपयोगी पडत नाही. एवढंच नव्हे, १९७४ साली आपण कायदा करून १९५७ ते १९७४ या काळात गेलेल्या आदिवासी जमिनी परत करण्याची तरतूद केली. त्यामागची समज स्पष्ट होती: दोन बाजूंच्या ताकदीत इतका फरक असतो की नुसत्या सहीवरून संमती सिद्ध होत नाही, तिसऱ्या कुणीतरी ती तपासली पाहिजे. अमेरिकेत हाच नियम १७९० पासून आहे. आदिवासी राष्ट्राची जमीन केंद्र सरकारच्या मान्यतेशिवाय कुणीही, राज्यानेही, घ्यायची नाही. रस्त्यांसाठी १९४८च्या कायद्याने पद्धत घालून दिली: वाटहक्क देण्याचा अधिकार गृहखात्याच्या मंत्र्यांचा. (तिथलं ‘गृहखातं’ म्हणजे पोलिसांचं नव्हे, जमीन आणि आदिवासी कारभाराचं.) सेनेकांचं म्हणणं असं की १९५४मध्ये हा टप्पा गाळला गेला. कायदा सहा वर्षांपूर्वीच झालेला होता. या रस्त्यासाठी राबणाऱ्या पूर्ण राज्याच्या महामार्ग खात्याला हा कायदा माहीत नव्हता?

तो काळ नीट आठवला तर उत्तर सापडतं. १९४८ आणि १९५०च्या कायद्यांनी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, न्यूयॉर्क राज्याला रिझर्व्हेशनांवरचे फौजदारी आणि दिवाणी अधिकार दिले होते. १९५३ साली आदिवासी राष्ट्रांचा वेगळा दर्जाच संपवण्याचा ठराव काँग्रेसने केला. जे थोड्या वर्षांत राहणारच नाही त्याच्याशी काळजीपूर्वक करार कोण करतो? पुढच्या दहा वर्षांत काय झालं तेही पाहा. १९६०मध्ये नायगाऱ्याजवळची टस्करोरा या आदिवासी राष्ट्राची जमीन जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयासाठी घेता येईल असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी विरोधी मत लिहिलं आणि शेवटी म्हटलं की थोर माणसांप्रमाणे थोर राष्ट्रांनीही आपला शब्द पाळला पाहिजे. मग आलं किन्झुआ धरण. सेनेकांच्या ॲलेगनी रिझर्व्हेशनची सुमारे १०,००० एकर जमीन त्यात गेली, सुमारे ६०० माणसं उठली, पूर्वजांच्या कबरी हलवाव्या लागल्या. या ओळीत थ्रूवेचा १९५४चा कागद ठेवला म्हणजे तो एकटा आणि निरागस दिसत नाही.

हे सगळं नंतरच्या काळात सुचलेलं शहाणपण आहे, त्या वेळी असा विचार कोण करत होतं, असं कुणी म्हणेल. करत होते, आणि तेही १६० वर्षं आधी. ११ नोव्हेंबर १७९४ रोजी कॅननडेग्वा इथे अमेरिकेने सेनेकांसह इरोक्वॉय राष्ट्रांशी तह केला. त्या तहाचं पाचवं कलम रस्त्याबद्दल आहे. सेनेकांनी फोर्ट श्लॉसरपासून ईरी सरोवरापर्यंत, दक्षिणेला बफेलो क्रीकपर्यंत, एक गाडीवाट करण्याचा हक्क अमेरिकेला दिला. वाट कुठून कुठे जाईल, ती कोण आणि कशासाठी वापरेल, हे सगळं लिहिलेलं आहे. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष असताना, देश नवा आणि तिजोरी रिकामी असताना, अमेरिकेने ही वाट बोलणी करून मागून घेतली. त्याच तहाने ठरवलेलं ४,५०० डॉलरचं वर्षासन आहे, आणि त्यातून सुती कापड आजही दर वर्षी दिलं जातं. जुना करार पाळता येत नाही असं मग कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यात माणसं आहेत. दोन सरकारांच्या भांडणात रस्त्यावरच्या माणसाचा काय दोष? विस्कॉन्सिनमधल्या लॅक डू फ्लॅम्बो रिझर्व्हेशनवर जानेवारी २०२३च्या अखेरीस हेच घडलं. तिथल्या चार रस्त्यांचे वाटहक्क ५० वर्षांच्या मुदतीचे होते आणि ती मुदत दहा वर्षांपूर्वीच संपली होती. बोलणी पुढे सरकेनात तेव्हा जमातीच्या सरकारने चारही रस्त्यांवर अडथळे उभे केले. आत राहणारी बिगर-आदिवासी कुटुंबं भर थंडीत अडकली, काही जण गोठलेल्या तलावावरून ये-जा करू लागले. मार्चमध्ये गावच्या स्थानिक सरकारने पैसे भरल्यावर अडथळे निघाले, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने जमातीच्या वतीने त्या गावावरच अतिक्रमणाचा दावा लावला. म्हाताऱ्या माणसाची औषधं आणायची वाट बंद करणं मला समर्थनीय वाटत नाही. हक्क खरा असला तरी ते हत्यार चुकीच्या माणसाला लागलं.

पण ते हत्यार हातात का आलं? ती घरं तिथे आली कशी हे पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही. १८८७च्या वाटप कायद्याने रिझर्व्हेशनच्या सामायिक जमिनीचे तुकडे करून व्यक्तींच्या नावे केले आणि उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली केली. १८८७मध्ये आदिवासी राष्ट्रांकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४मध्ये सुमारे ४ कोटी ८० लाख राहिले. बुद्धिबळाच्या पटासारख्या झालेल्या या प्रदेशांत एका घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत जायला दुसऱ्याच्या जमिनीवरून जावंच लागतं. मुदत संपल्यावर दहा वर्षं ज्यांनी कुणी नूतनीकरण रेंगाळू दिलं, त्यांनी त्या कुटुंबांना अडकवण्याची सोय करून ठेवली. मुदतवाढीची बोलणी वेळेवर न करणं हा तटस्थपणा नसतो. पाय ठेवून बसलेल्याला त्यात रोज फायदा होत असतो.

यावर उपाय म्हणून ‘कायमचाच करार करून टाका’ असं सुचवलं जातं, आणि इथे मी ठामपणे असहमत आहे. मुदत संपणं म्हणजे अराजक नव्हे. ॲलेगनी रिझर्व्हेशनवर सॅलमँका नावाचं अख्खं शहर उभं आहे. १८९२ साली ९९ वर्षांचे भाडेपट्टे झाले, काहींचं भाडं वर्षाला एक डॉलर इतकं. १९९१मध्ये ते संपणार म्हणून शहरात धास्ती होती. बोलणी कडू होती, काही कुटुंबांनी नवे पट्टे स्वीकारले नाहीत. पण १९९०मध्ये काँग्रेसने तडजोडीचा कायदा केला, सेनेकांना मागच्या अन्यायाची भरपाई म्हणून ६ कोटी डॉलर ठरले, त्यात केंद्राचे साडेतीन कोटी आणि राज्याचे अडीच कोटी, आणि नवे पट्टे ४० वर्षांचे, आणखी ४० वर्षं वाढवता येतील असे झाले. शहर आजही तिथेच आहे. उलट बाजूला त्याच ॲलेगनीमधून जाणाऱ्या आय-८६ महामार्गाचा पट्टा पाहा. तिथला हक्क राज्याने १९७६मध्ये मिळवला होता, कागद होता. तरी दुरुस्तीवरून राज्य आणि सेनेका राष्ट्र यांचं जमेना आणि कित्येक वर्षं तो रस्ता खड्ड्यांनी खिळखिळा होत गेला. कागद कायमचा असून संबंध तुटलेला असेल तर डांबरही टिकत नाही.

तिसरा मुद्दा नकाराधिकाराचा. एका छोट्या समाजाने ‘नाही’ म्हटलं की लाखोंचा रस्ता अडतो, हे लोकशाहीत बसतं का? ऊर्जा कंपन्यांनी हा प्रश्न जोरात मांडला, तेव्हा काँग्रेसच्या सांगण्यावरून केंद्राने त्याचा अभ्यास केला. २००७च्या त्या अहवालाने सक्तीच्या संपादनाची शिफारस केली नाही, बोलणीचीच पद्धत चालू ठेवावी असं सुचवलं. आणि ‘नाही’ची किंमत फक्त राज्यच मोजतं हा समज खोटा आहे. ॲरिझोनात फीनिक्सच्या दक्षिणेच्या वळणमार्गाचं उदाहरण घ्या. १९८५ पासून हा रस्ता नकाशावर होता. शेजारच्या हीला रिव्हर या आदिवासी समाजात २०१२मध्ये मतदान झालं: रस्ता आपल्या जमिनीवर घ्यायचा, बाहेर ठेवायचा, की बांधूच नये? सगळ्यांत जास्त मतं ‘बांधू नये’ला पडली. राज्याने रस्ता रिझर्व्हेशनच्या हद्दीबाहेरून नेला, आणि त्यासाठी साउथ माउंटनच्या कडा कापल्या. हा डोंगर त्या समाजाला पवित्र आहे. न्यायालयातही समाज हरला आणि डिसेंबर २०१९मध्ये २२ मैलांचा रस्ता सुरू झाला. समाजातही मतभेद होते, ज्यांच्या जमिनीला रस्त्यामुळे भाव आला असता असे जमीनदार रस्ता हवा म्हणत होते. नकार हा इतका दुबळा अधिकार आहे. रेघ आखून झाल्यावर होकार विचारायला येणाऱ्याकडून याहून वेगळं काय निष्पन्न होणार?

आता त्या प्रश्नाकडे येतो ज्याची या चर्चेत कुणी आठवणही काढत नाही. नॉर्थ डकोटात फोर्ट बर्थोल्ड रिझर्व्हेशनमधून राज्याचा एक रस्ता जातो. १९४८च्या कायद्यानुसार, मान्यता घेऊन, रीतसर दिलेला वाटहक्क. १९९०मध्ये त्यावर दोन बिगर-आदिवासींच्या गाड्यांची टक्कर झाली, जखमी बाईने जमातीच्या न्यायालयात भरपाई मागितली. १९९७च्या स्ट्रेट निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की या पट्ट्यावर जमातीचं न्यायालय हा दावा चालवू शकत नाही. कारण वाटहक्क देताना जमातीने तिथला ताबा आणि बाहेरच्यांना रोखण्याचा अधिकार स्वतःकडे राखल्याचं लिहिलेलं नाही, म्हणून तो पट्टा बिगर-आदिवासी मालकीच्या जमिनीसारखाच समजायचा. म्हणजे वाट दिली आणि न्यायालयाने त्याचा अर्थ रानही दिलं असा लावला. पैशांची घासाघीस करून दुप्पट रक्कम मिळवली असती तरी हे नुकसान भरून आलं नसतं. या निकालानंतर अधिकारक्षेत्र हा कराराचा पहिला परिच्छेद झाला पाहिजे. २०१६ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांत वाटहक्काने जमातीचा अधिकार कमी होत नाही असं म्हटलं आहे, ते चांगलंच. पण नियम बदलतात, न्यायालयं त्यांचा अर्थ लावतात. करारात दोन्ही सरकारांनी स्वतःच्या सहीने लिहिलेलं वाक्य जास्त टिकतं. २०२०च्या साथीत साउथ डकोटात चेयेन रिव्हर आणि ओग्लाला सू या जमातींनी महामार्गांवर तपासणी नाके उभारले आणि राज्याच्या गव्हर्नरांनी ते काढायला सांगितलं. साथ ऐन भरात असताना दोन सरकारं रस्ता कुणाचा यावर वाद घालत होती. ते आधी ठरलेलं असतं तर?

हे सगळं ठरवता येतं, हे मला मोंटानातल्या यूएस-९३वरून पटलं. फ्लॅटहेड रिझर्व्हेशनमधून, एव्हारोपासून पोल्सनपर्यंत ५६ मैल. राज्याला अपघात कमी करायला रुंद चौपदरी रस्ता हवा होता. सेलिश आणि कूटने जमातींना तो नको होता, त्याने वस्त्या फुटतील, पाणथळ जागा आणि जनावरांच्या वाटा तुटतील म्हणून. गाडं वर्षानुवर्षं अडलं. डिसेंबर २००० मध्ये जमातींचं सरकार, राज्याचं वाहतूक खातं आणि केंद्राचं महामार्ग प्रशासन या तिघांनी एका करारावर सह्या केल्या, आणि त्याच्या मुळाशी जमातींनी मांडलेली कल्पना होती: रस्ता हा या भूमीवर आलेला पाहुणा आहे, त्याने भूमीच्या रीतीने वागावं. हे नुसतं सुभाषित राहिलं नाही, त्याचा आराखडा झाला. रस्ता टेकड्यांच्या वळणाने वळवला. फलकांवर इंग्रजीबरोबर सेलिश आणि कूटने भाषांतली स्थळनामं आली. जनावरांना आणि माशांना पार जाण्यासाठी ४१ बांधकामं झाली, त्यात अस्वलं, हरणं जातील असा झाडाझुडपांचा एक पूल रस्त्याच्या डोक्यावरून नेला. काही ठिकाणी राज्याला हव्या होत्या तेवढ्या मार्गिका मिळाल्या नाहीत, काही ठिकाणी जमातींना नको होत्या तेवढ्या झाल्या. नाइनपाइपच्या पाणथळ पट्ट्याचा निर्णय स्वतंत्र अभ्यासासाठी मागे ठेवला गेला. वेळ लागला, खर्च वाढला, हे मान्य. पण फ्लॅटहेड काही सोपी जागा नव्हती. १९१० पासून ते रिझर्व्हेशन बाहेरच्या वसाहतदारांना खुलं झालेलं, जमाती आपल्याच प्रदेशात अल्पसंख्य. तिथे जमलं.

आपल्या बाजूला काय आहे तेही सांगितलं पाहिजे, कारण अमेरिकेकडे बोट दाखवणं सोपं आहे. वनहक्क कायद्यानंतर, २००९मध्ये, आपल्या पर्यावरण मंत्रालयाने वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यायची असं परिपत्रक काढलं. त्याच संमतीच्या बळावर २०१३मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत मंत्रालयाने रस्ते, कालवे, पाइपलाइन, वीजवाहिन्या अशा रेषेसारख्या प्रकल्पांना या संमतीतून बहुतांशी सूट दिली. विचार असा की रस्त्याला जमीन अरुंद लागते, म्हणून विचारायची गरज कमी. पालघरच्या किंवा गडचिरोलीच्या पाड्याला विचारा, रस्ता अरुंद असतो म्हणून त्याच्या पलीकडे गेलेलं गायरान आणि पाणवठा जवळ येतो का? रस्ता जागा थोडी खातो आणि प्रदेश सगळा बदलतो. संमती जिथे सगळ्यांत जास्त लागते तिथेच आपण ती काढून घेतली आहे.

कॅटरॉगसच्या तीन मैलांचं काय करावं? न्यायालय कधीतरी निकाल देईल, पण दोन्ही बाजूंनी त्याची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. सेनेकांचा असाच जुना दावा २००४मध्ये बुडाला, तेव्हा कारण हे होतं की राज्याला पक्षकार केल्याशिवाय तो चालवता येत नाही आणि राज्यावर दावा लावता येत नाही. मूळ प्रश्नाला तेव्हा हातही लागला नव्हता. आज नव्याने बसावं. वाटहक्क ४० वर्षांचा असावा, केंद्राच्या मान्यतेसह. त्या पट्ट्याच्या टोलमधला ठरलेला हिस्सा दर वर्षी सेनेका राष्ट्राला मिळावा. अपघात, गस्त आणि आणीबाणीतले नाके यांचे अधिकार कलमवार लिहावेत. दुरुस्तीच्या कामात सेनेका कामगारांना आणि ठेकेदारांना आधी संधी असावी. मुदत संपण्याच्या पाच वर्षं आधी पुढची बोलणी सुरू करणं बंधनकारक असावं, आणि ती चालू असेपर्यंत वाढीव दराने भाडं चालू राहावं आणि रस्ता कुणी अडवू नये. शेवटचं हे कलम सेनेकांना जड जाईल, टोलचं कलम राज्याला जड जाईल. बसायची जागाही शोधावी लागणार नाही. दर ११ नोव्हेंबरला तहाचा दिवस पाळायला लोक कॅननडेग्वाला जमतातच.